शाश्वत नगराचा प्रोजेक्ट करताय? आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात घ्या

शेवटच्या वर्षाला 'पर्यावरणस्नेही नगराचा आराखडा' हा विषय मिळाला की बहुतेक ग्रुप पहिल्या आठवड्यात परदेशी शहरांची चित्रं उतरवून घेतात, दुसऱ्या आठवड्यात गोल रस्ते आणि हिरव्या गच्च्या काढतात. मग कधीतरी गाइड विचारतात, "पावसाळ्यात हे सगळं पाणी जाणार कुठे?" आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आमचंही असंच झालं. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी उरण तालुक्यातल्या एका गावालगतची साधारण ६० हेक्टर जागा घेतली आणि तिथे १२,००० माणसांचं नगर आखायला बसलो. पहिला आराखडा बाजूला ठेवावा लागला. दुसरा उभा राहिला, कारण तो पाण्यापासून सुरू केला होता. त्यानंतर गेली तीन वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्युनिअर मुलामुलींच्या प्रोजेक्टना मदत करते आहे. तेच प्रश्न आणि त्याच चुका दरवर्षी समोर येतात, म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

१. ग्रुप पाडा, कामं वाटा, एक वही घाला

चार-पाच जण पुरे. 'एक जण ड्रॉइंग काढेल, बाकीचे रिपोर्ट लिहितील' अशी वाटणी करू नका. एकाने पाणी, एकाने जमीन आणि नियम, एकाने घरं-रस्ते, एकाने लोक आणि सर्वेक्षण असे विषय वाटून घ्या. प्रत्येकाला आपल्या विषयाचं ड्रॉइंगही काढता आलं पाहिजे आणि आकडाही सांगता आला पाहिजे.

एक जाड वही फक्त आकड्यांसाठी ठेवा. कुठलाही आकडा वापरला की तो कुठून घेतला, कोणत्या तारखेला घेतला, आणि मोजलेला आहे की गृहीत धरलेला, हे तिथल्या तिथे लिहा. ज्यूरीत (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात) निम्मे प्रश्न याच गोष्टीवर येतात.

वेळेचं गणित असं ठेवा: जुलै-ऑगस्टमध्ये पहिली भेट, दिवाळीपर्यंत कागद आणि लेव्हल (जमिनीच्या उंचीची मोजणी), डिसेंबरपर्यंत पाण्याचा नकाशा आणि आकडेमोड, जानेवारी-फेब्रुवारीत आराखडा, मार्चमध्ये शीट आणि मॉडेल. 'पावसाळा संपल्यावर साइटवर जाऊ' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पाऊस हातचा गेला की पुढच्या जूनपर्यंत तुम्हाला काही दिसणार नाही, आणि तोवर सबमिशन होऊन गेलेलं असेल.

२. खरी जागा घ्या

काल्पनिक सपाट चौकोनावर नगर काढू नका. ४० ते ८० हेक्टरची खरी जागा घ्या, एका दिवसात पायी फिरून होईल एवढी. आपल्याकडे साधारण दोन तऱ्हा आहेत: खाडीकाठचं खाजण (भरतीचं पाणी येणारी सखल, खारी जमीन), किंवा डोंगराचा पायथा, म्हणजे घोडबंदरच्या बाजूला येऊरखाली, इकडे पारसिक किंवा खारघरच्या टेकड्यांखाली. दोन्हींचे प्रश्न अगदी वेगळे. खाजणात पाणी बाहेर काढायचं असतं, पायथ्याला ते वेगाने उतरू द्यायचं नसतं. एकच तऱ्हा निवडा आणि तिच्यात खोल जा.

जागा पक्की करण्याआधी चार गोष्टी तपासा.

कांदळवन आणि सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र): किनारा नियमनाची २०१९ ची अधिसूचना वाचा. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा सोडावा लागतो. कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे आदेशही आहेत.

वन आणि पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र: येऊरच्या बाजूची जागा असेल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या क्षेत्राची २०१६ ची अधिसूचना आणि तिचा नकाशा बघा.

विमानतळ: पनवेल-उलवे-उरण पट्ट्यात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. विमानतळ प्राधिकरणाचे रंगीत उंची-नकाशे मिळतात. एका ग्रुपने हे न बघता वीस मजली मनोरे काढले होते, शेवटच्या महिन्यात सगळे उतरवावे लागले.

पक्षी: ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ मध्ये ती जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. तुमची जागा अभयारण्याबाहेर असली तरी भरतीच्या वेळी चिखल बुडतो आणि पक्षी आसपासच्या पाणथळीत येऊन बसतात. ती पाणथळ तुमच्या नकाशावर 'रिकामी जागा' म्हणून दिसते.

३. कागद आणि साहित्य

हे सगळं सप्टेंबरच्या आत जमवा:

- महाविद्यालयाचं पत्र, दहा प्रती. महापालिका, सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), ग्रामपंचायत, सगळीकडे पहिलं तेच मागतात. पत्रात साइटचं नाव आणि ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं असू द्या.
- गावाचा भूनकाशा आणि दोन-चार गटांचे सातबारा. महाभूनकाशा आणि महाभूलेखवर बघता येतात.
- भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा. जितका जुना मिळेल तितका बरा, कारण भराव पडण्याआधीचे ओढे त्यावर सापडतात.
- किनारा व्यवस्थापन आराखड्याचा तुमच्या भागाचा नकाशा.
- एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, २०२० ची. अख्खी वाचत बसू नका. मोकळी जागा, रस्त्याची रुंदी, पर्जन्यजल संधारण एवढी प्रकरणं पुरे. जागा नैना क्षेत्रात (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं अधिसूचित क्षेत्र) असेल तर तिथल्या नगररचना परियोजनांचे नकाशेही बघा.
- केंद्राची नगर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं, २०१४ ची. दरडोई पाणी, मोकळी जागा, शाळा-दवाखान्यांचं प्रमाण यासाठी.
- भरती-ओहोटीचं वेळापत्रक, वर्षभराचं.
- नकाशे बघायला आणि काढायला क्यूजीआयएस, गूगल अर्थ, भुवन. तिन्ही फुकट आहेत.
- ३० मीटरची टेप, कॉलेजच्या लॅबमधलं ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिची उभी मापपट्टी), गमबूट, पाण्याच्या बाटल्या, टोप्या.

लेव्हल लॅबमधून बाहेर नेण्याची परवानगी मिळवायला आठवडा जातो. अर्ज आधीच द्या.

४. साइटवर दोनदा जा: एकदा उधाणाला, एकदा उन्हात

आम्ही पहिला आराखडा उपग्रहाच्या चित्रावर काढला. चित्र उन्हाळ्यातलं होतं. जागेच्या पश्चिमेला तपकिरी, मोकळा, सपाट पट्टा दिसत होता. शाळा, मैदान, बसस्टँड, सगळं आम्ही तिथेच बसवलं, कारण तिथे एकही झाड किंवा घर आड येत नव्हतं.

जुलैत पौर्णिमेनंतरच्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा त्या पट्ट्यात गुडघाभर पाणी होतं. बांधावर एक आजोबा जाळं सोडवत बसले होते. मी विचारलं, "ही जमीन पडीक आहे का?" ते म्हणाले, "पडीक नाय गो बाय, खाजन हाय हे. उधानाला पानी इथवर येतं." मग उठून त्यांनी बांधातली उघाडी दाखवली. बांधाला बसवलेलं दार ते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरती आली की खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. त्यांच्या आजोबांच्या वेळी त्याच जागेत भात व्हायचा, बांध फुटला तेव्हापासून नाही, असंही त्यांनी सांगितलं. आमची शाळा बरोबर त्या फुटलेल्या बांधाच्या तोंडाशी होती.

तर पहिली भेट पावसाळ्यात, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, भरतीच्या तासाला ठेवा. पाणी कुठून आत येतं, कुठे थांबतं, ओहोटी लागल्यावर किती वेळाने उतरतं, हे घड्याळ लावून लिहा. दुसरी भेट ऑक्टोबरमध्ये, दुपारी दोनच्या उन्हात. सावली कुठे आहे, वारा कुठून येतो, लोक कुठल्या पाऊलवाटेने चालतात, हे तेव्हा कळतं.

खाजणातला चिखल कंबरेपर्यंत ओढतो. एकट्याने जाऊ नका, बांध सोडून खाली उतरू नका, आणि भरतीची वेळ बघितल्याशिवाय तर अजिबात जाऊ नका. गावातलं कुणी सोबत येत असेल तर त्यांच्या पावलांमागे चाला.

५. लेव्हल घेताना दोन शून्यांचा घोळ

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी वाटते, आणि इथेच सगळ्यात जास्त ग्रुप फसतात.

पहिला सापळा उपग्रहाच्या उंचीचा. फुकट मिळणारा उंचीचा डेटा ३० मीटरच्या चौकटीत असतो आणि त्यात काही मीटरची चूक सहज असते. कांदळवनाचा शेंडा त्यात जमीन म्हणून येतो. डोंगरउतारावर हे चालून जातं. खाजणात एका मीटरवर सगळं ठरतं, तिथे तो डेटा फक्त अंदाजाला घ्या आणि स्वतः लेव्हल घ्या. ५० मीटरवर एक याप्रमाणे दोन-तीन रेषा काढल्या तरी जमिनीचा कल कळतो.

दुसरा सापळा शून्याचा. भरतीच्या तक्त्यात '४.६ मीटर' लिहिलेलं असतं. तो आकडा नाविक नकाशाच्या शून्यापासून मोजलेला असतो. तुमची लेव्हल मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे ४.६ ची भरती तुमच्या नकाशावर साधारण २.१ मीटरवर येते. आम्ही हे जुळवलं नव्हतं, म्हणून आमच्या हिशोबात दर पंधरवड्याला अख्खं गावच बुडत होतं. दोन्ही आकडे एकाच शून्यावर आणा आणि शीटच्या कोपऱ्यात तसं लिहा. खाडीच्या आतल्या भागात भरतीची उंची आणि वेळ थोडी सरकते, म्हणून जुलैत बांधावर स्वतः केलेल्या खुणेशी एकदा ताडून बघा.

६. गावाशी बोला

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या ३४४ चौरस किलोमीटर जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. त्या नकाशावर जे रिकामं दिसत होतं ती भातशेती होती, मिठागरं होती, कोळ्यांच्या होड्या लागायच्या जागा होत्या. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड परत देण्याची साडेबारा टक्के योजना त्या लढ्यातून आली. तुम्ही जिथे नगर आखताय तिथे ही आठवण घरोघर जिवंत आहे. 'आम्ही इथे नवीन शहर डिझाइन करतोय' असं म्हणत गावात शिरलात तर लोक दचकतील, आणि त्यांचं दचकणं योग्यच आहे.

आधी सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटा, पत्र द्या, हा फक्त कॉलेजचा अभ्यास आहे हे स्पष्ट सांगा. फॉर्म भरून घेण्यापेक्षा सोबत चाला आणि विचारा: २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत होतं? विहीर कुठली गोडी, कुठली खारी? मासळी सुकवायची जागा कुठली? होळी कुठे पेटते? स्मशानात जायची वाट कुठली? या जागा आराखड्यात जशाच्या तशा राहू द्या. बायकांशी वेगळं बोला. पाणी भरण्याचं, सरपणाचं, संध्याकाळी अंधाऱ्या रस्त्याचं त्याच सांगतात.

आणि गावठाण नकाशाच्या काठावर ढकलू नका. शाळा, दवाखाना, बाजार हे गाव आणि नवी वस्ती यांच्या सांध्यावर ठेवा, म्हणजे दोघांनाही जवळ पडतात.

७. माणसं मोजा आणि हिशोब मांडा

इमारती काढण्याआधी एक पानभर हिशोब हवा. आमचा देते, तुमचे आकडे तुम्ही घाला. कांदळवन आणि त्याचा पट्टा सोडून ६० हेक्टर, माणसं १२,०००, म्हणजे हेक्टरी २००.

पाणी: दरडोई १३५ लिटर, रोज १६.२ लाख लिटर. सांडपाणी त्याच्या ८० टक्के धरायचं, सुमारे १३ लाख लिटर. मोकळी जागा: माणशी १० चौरस मीटर धरली तर १२ हेक्टर. कचरा: माणशी ४०० ग्रॅम धरून रोज ४.८ टन, त्यातला निम्मा ओला.

जमिनीची वाटणी आम्ही अशी केली: घरं ४० टक्के, मोकळी जागा २०, रस्ते १५, शाळा-दवाखाने वगैरे १०, बाजार आणि कामाच्या जागा ७, तलाव ५, सांडपाणी-कचऱ्याची सोय ३. पहिल्या आराखड्यात तलावाला शून्य होतं आणि रस्त्यांना २४.

हे पाणी येणार कुठून, हेही लिहा. नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे धरण आहे, तरी शहराच्या कडेच्या गावांत टँकर दिसतो. 'पाणीपुरवठा महापालिका करेल' एवढ्या एका ओळीवर गाइडनी आमचा रिपोर्ट परत केला होता, आणि बरोबरच केलं.

८. धारण तलाव: नगराचा पहिला नकाशा

वाशी, नेरुळ, बेलापूरला राहणारे ज्या तळ्याभोवती सकाळी फिरायला जातात त्यातली काही तळी शोभेसाठी बांधलेलीच नाहीत. ते धारण तलाव आहेत. शहराची बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर नाल्याचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. म्हणून सिडकोने डच पद्धतीने तळी खोदली आणि तोंडाशी झडपा बसवल्या. भरतीला झडप बंद, पाऊस तळ्यात साठतो. ओहोटीला झडप उघडते, तळं रिकामं होतं. आजोबांच्या उघाडीचंच हे मोठं रूप. नेरुळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यान अशाच तलावाभोवती आहे. पत्र देऊन एकदा झडपा जवळून बघून या.

तलाव किती मोठा हवा? झडप बंद असतानाच्या काही तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला असं धरा. ६० हेक्टर म्हणजे ६ लाख चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, म्हणजे एकूण ६०,००० घनमीटर पाणी. त्यातलं ६० टक्के वाहून येईल असं धरलं तर ३६,००० घनमीटर. तलावात वापरता येणारी खोली दीड मीटर धरली तर २.४ हेक्टर क्षेत्र लागतं, जागेच्या ४ टक्के. आम्ही ५ टक्के ठेवलं, दोन तळी केली, आणि दोन्ही त्या 'रिकाम्या' पट्ट्यात, फुटलेल्या बांधाच्या आत. शाळा वर सरकली.

रस्ते फरशांनी, डांबराने भरून टाकले की ते ६० टक्क्यांचं प्रमाण ८० वर जातं आणि तलाव एक तृतीयांशाने वाढतो. हा हिशोब दोनदा करून दोन्ही आकडे ज्यूरीला दाखवा. पावसाचं पाणी झिरपणाऱ्या वाटा, परसबाग, चर यांचा उपयोग तिथे डोळ्यांनी दिसतो.

दोन सापळे. एक, गाळ. नाल्याबरोबर माती आणि कचरा येतो, तळं उथळ होतं, त्यात कांदळवन उगवतं, आणि मग गाळ काढायलाही परवानग्या लागतात. तळ्याच्या तोंडाशी गाळ थांबवणारी छोटी कुंडी आणि तिथे गाडी जाईल असा रस्ता आराखड्यातच काढा.

दुसरा भरावाचा, आणि याबद्दल मला फार वाटतं. 'साइट दोन मीटर भरून घेऊ' हे उत्तर सगळ्यात आधी सुचतं. तुमचं नगर वर जातं, आणि शेजारचं जुनं गाव खड्ड्यात राहतं. तुमच्या रस्त्याचं पाणी त्यांच्या उंबऱ्यात जातं. भराव टाकायचाच असेल तर तो फक्त घरांच्या जोत्याखाली टाका, गावाच्या बाजूचे ओढे मोकळे ठेवा, आणि गावाचं पाणीही तुमच्याच तलावात घ्या. तेवढं क्षेत्र वरच्या हिशोबात मिळवा.

९. गच्चीवरच्या पावसाचा खरा हिशोब

'पर्जन्यजल संधारणामुळे नगर स्वयंपूर्ण होईल' असं वाक्य जवळजवळ प्रत्येक रिपोर्टमध्ये असतं. मांडून बघा. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ३०० चौरस मीटरच्या गच्चीवरून, ८० टक्के हाती लागेल असं धरून, वर्षाला ६ लाख लिटर. खाली सात मजले, मजल्यावर चार घरं, घरात पाच माणसं: १४० माणसांना रोज १८,९०० लिटर लागतात. अख्ख्या पावसाळ्याचं पाणी जेमतेम ३२ दिवसांचं. तेच १०० चौरस मीटरच्या बैठ्या घराचं केलं तर २ लाख लिटर, म्हणजे एका कुटुंबाला जवळजवळ दहा महिने. साठवायला जागा असेल तरच, हेही लिहा.

दुसरी गोष्ट, शोषखड्डे. नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना संधारण लागतं, म्हणून सगळे सरसकट शोषखड्डे काढतात. खाडीकाठच्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, आणि खालचं पाणी खारं असतं. फूटभर खड्डा खणून पाणी ओता आणि किती वेळात उतरतं ते मोजा. आमच्या खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच होतं. अशा जागी टाकी आणि तळं, मुरूम असलेल्या पायथ्याला शोषखड्डा.

१०. घरं आणि रस्ते

परदेशी उदाहरणांआधी सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला एक अख्खी दुपार द्या. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेली वस्ती आहे. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून मोठं अंगण, आणि मग त्याहून मोठी जागा. घरं बैठी, प्रत्येकाची भिंत स्वतंत्र, म्हणजे कुटुंब वाढेल तसं घर वाढवता येतं. आज तिथली बरीच घरं पुरती बदललेली आहेत. लोकांनी काय ठेवलं आणि काय पाडलं, त्याचं स्केच करून आणा. अंगणं किती टिकली, गाड्या कुठे उभ्या आहेत, सावली कुठे आहे, हे बघण्यात तुमचा सगळ्यात चांगला अभ्यास होईल. फोटो काढण्याआधी घरातल्यांना विचारा.

हेक्टरी २०० माणसांसाठी मनोरे लागत नाहीत, दोन ते चार मजल्यांत भागतं. इमारतींच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाने ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या कमी, व्हरांडा किंवा झाड जास्त. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, तिकडे खोल छज्जे हवेतच, नाहीतर पहिल्याच पावसात भिंती ओल धरतात.

रस्ते पाण्याचा नकाशा तयार झाल्यावर काढा. मुख्य रस्ता उंच कण्यावरून न्या, उपरस्ते उताराने तलावाकडे, त्यांच्या कडेला उघडे चर. कुठल्याही घरापासून ४०० ते ५०० मीटरवर बसथांबा यावा, आणि ती वाट सावलीतून जावी. नवी मुंबईचे नोड (आखलेली उपनगरं) रेल्वे स्थानकांभोवती बसवले गेले, त्यामुळे आजही बरेच लोक चालत किंवा शेअर रिक्षाने स्टेशन गाठतात. तुमचं नगर स्टेशनपासून लांब असेल तर बसचा मार्ग, किती मिनिटांनी एक, हे लिहा. नुसत्या सायकल ट्रॅकवर विसंबू नका. जुलैमध्ये तो कोण वापरणार, असं ज्यूरी हमखास विचारते.

११. सांडपाणी आणि कचरा

कर्दळ-लव्हाळ्याच्या वाफ्यांतून सांडपाणी सोडून ते शुद्ध करायची हिरवी वाफे-पद्धत सगळ्यांना आवडते, कारण ती ड्रॉइंगमध्ये सुंदर दिसते. तिला माणशी साधारण १ ते २ चौरस मीटर जागा लागते. १२,००० माणसांना ती १.२ ते २.४ हेक्टर झाली. आमच्याकडे दोन्ही सोयींना मिळून १.८ हेक्टर होती. म्हणून मुख्य शुद्धीकरण यंत्रांनी, आणि शेवटचा हात फिरवायला थोडे वाफे, असं केलं.

शुद्ध झालेलं पाणी कुठे जाणार? फ्लशला माणशी ४५ लिटर धरले तर रोज ५.४ लाख लिटर तिथे जातात, आणि बाहेरून आणायचं पाणी १६.२ वरून १०.८ लाखांवर येतं. पण त्यासाठी घराघरात दुसरी पाइपलाइन हवी, ती काढा आणि खर्चात धरा. उरलेलं पाणी उन्हाळ्यात बागांना जाईल. पावसाळ्यात बागांना नको असतं, तेव्हा ते कुठे सोडणार हेही दाखवा.

ओला कचरा रोज २.४ टन, खत व्हायला साधारण ४५ दिवस. ढिगांमधून चालायची, चाळायची जागा धरून ५०० चौरस मीटर शेड पुरते. शेडला छप्पर हवंच. उघड्यावरचा ढीग आपल्या पावसात दोन दिवसांत काळा रस सोडतो. जागा वस्तीच्या वाऱ्याखालच्या बाजूला ठेवा, आणि गावालाही त्या वाऱ्याखाली आणू नका.

१२. वीज

थोडक्यात. १ किलोवॉट सौरपॅनेलला १० चौरस मीटर, रोज सरासरी ४ युनिट. ३०० चौरस मीटरच्या गच्चीत टाक्या आणि सावली सोडून निम्मी जागा मिळाली तर १५ किलोवॉट, ६० युनिट. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे निघतात, अठ्ठावीस घरांची सगळी वीज निघत नाही. जून ते सप्टेंबर उत्पादन पडतं. 'शंभर टक्के सौर' लिहू नका.

१३. झाडं

नावानिशी यादी द्या आणि जागेला धरून द्या. रस्त्याकडेला करंज, ताम्हण, बहावा. मोकळ्या जागेत वड, उंबर, जांभूळ, मुळांना जागा सोडून. खाडीच्या बाजूला तिवर आणि चिपी आपणहून येतात, त्यांना फक्त भरतीचं पाणी पोचू द्या. तिथे नारळाच्या रांगा आणि लॉन काढून तो काठ 'सुशोभित' करू नका.

१४. शीट, मॉडेल, ज्यूरी

शीटचा क्रम असा ठेवा: जागा जशी आहे, भरतीला जशी होते, पाण्याचा नकाशा, हिशोबाचं पान, मग आराखडा, मग घरांचे तपशील. रंगीत त्रिमितीय चित्र सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

मॉडेल १:१००० ठेवलं तर १,००० मीटर बाय ६०० मीटरची जागा एक मीटर बाय ६० सेंटीमीटरमध्ये बसते, रिक्षातून नेता येते. जमिनीच्या पातळ्या जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या करा. थर्माकोल वापरू नका. आम्ही तलाव निळ्या ॲक्रिलिकचे केले आणि भरतीची पातळी दाखवायला वरून काढता-घालता येणारी एक पारदर्शक शीट ठेवली. ज्यूरीने सर्वांत जास्त वेळ तीच खाली-वर करून बघितली.

त्या दिवशी लेव्हल बुक, आकड्यांची वही, आणि जुलैचे तारीख-वेळ लिहिलेले फोटो टेबलावर ठेवा. गृहीत आकडा असेल तर तो गृहीत असल्याचं सांगा.

सबमिशननंतर आराखड्याची एक मोठी प्रिंट गावात घेऊन जा. आम्ही नेली तेव्हा ग्रामपंचायतीच्या टेबलावर ती पसरली, आणि ज्यांनी आम्हाला उघाडी दाखवली होती ते आजोबा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. एका ओढ्याचं नाव आम्ही चुकीचं लिहिलं होतं ते नीट केलं, आणि दुसऱ्या तळ्याचं तोंड बोटभर उत्तरेला सरकवलं, कारण पाणी तिकडून उतरतं. ज्युनिअरना आता मी तीच प्रिंट देते, पेनाच्या दुरुस्त्यांसकट.